बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम आणि आपले वाचन

परमपूज्य बाबासाहेबांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे. त्यांचे ग्रंथही अनेक घरांत आहेत. परंतु त्यातील किती उघडले गेले, हा प्रश्न आपण सर्वांनी स्वतःला विचारला पाहिजे. म्हणून या लेखात आम्ही बाबासाहेबांच्या वाचनाच्या सवयींचा विचार करणार आहोत.

बाबासाहेबांचे विद्यार्थीदशेतील घर म्हणजे परळच्या चाळीतील एक खोली. अभ्यासाला जागा नाही, शांतता नाही. वडील सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता उठवून दिव्यापाशी अभ्यासाला बसवीत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर मुलीचे दागिने गहाण ठेवीत. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही जातीमुळे ती पुरी झाली नाही; पर्शियन घ्यावे लागले. पुढे ते स्वप्रयत्नाने संस्कृत शिकले.

परीक्षा पास झाल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बुद्धांची ओळख त्यांना अशी एका पुस्तकाने झाली.

1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे 2000 जुनी पुस्तके जमविली. पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दार उघडताच जाऊन बसत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. 1917 साली मायदेशी परतताना त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट पाणतीर लागून बुडाली आणि सामानातील पुस्तके समुद्रात गेली. तरीही त्यांनी पुन्हा संग्रह उभा केला. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ते ग्रंथ ठेवण्याचा विचार करूनच. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि संग्रहातील ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती गेले.

हे वाचन केवळ विरंगुळा नव्हते. मनात प्रश्न घेऊन ते ग्रंथाकडे जात. शूद्र मूळचे कोण, या प्रश्नाने त्यांना ऋग्वेदापर्यंत नेले आणि 1946 साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी महात्मा फुले यांना अर्पण केला. धम्म समजून घ्यायचा म्हणून पाली भाषेचा अभ्यास केला, तिचा शब्दकोश तयार केला. 5 डिसेंबर 1956 च्या रात्री ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी नानकचंद रत्तू यांच्याकडून जवळ मागून घेतले होते. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. केळुसकर गुरुजींनी दिलेल्या एका पुस्तकाचे बीज असे फळाला आले.

आता आपल्याकडे पाहू. पुण्यात अभ्यासिका भरलेल्या आहेत. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने ओळीने आहेत. परंतु बहुतेक खरेदी स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांची! नोकरी आवश्यक आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र परीक्षेपुरते वाचणारा मनुष्य परीक्षा संपताच वाचन थांबवितो. बाबासाहेबांच्या पदव्या पूर्ण झाल्या, तरी वाचन अखेरच्या रात्रीपर्यंत चालूच राहिले. हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा.

आम्ही सभासदांपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, घरात रोज अर्धा तास टी.व्ही. व मोबाईल बंद ठेवून सर्वांनी एकत्र वाचावे. आईवडिलांना वाचता येत नसेल तर मुलांनी मोठ्याने वाचून दाखवावे. दुसरी, वाचताना वही जवळ ठेवावी; न पटलेले, न समजलेले लिहून काढावे आणि रविवारी विहारात त्यावर चर्चा करावी. तिसरी, उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या सत्कारात हार-शालीऐवजी एक चांगले पुस्तक द्यावे. ते घेणाऱ्या मुलामुलींपैकी कोण त्यातून काय घडवील, हे देणाऱ्याला आज सांगता येणार नाही. केळुसकर गुरुजींना तरी कोठे ठाऊक होते?

ग्रंथाला हार घालणे सोपे आहे. तो उघडून पहिले पान वाचण्यास आजच आरंभ करू या.

जय भीम!