फोन मुका करणारी बीटा आवृत्ती

मोबाइल फोनचा पडदा, रेडिओ, कॅमेरा आणि सर्व अ‍ॅप ज्या मूळ सॉफ्टवेअरवर चालतात त्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती सर्वांसाठी प्रसृत होण्यापूर्वी काही आठवडे हौशी ग्राहकांच्या हाती देण्याची प्रथा गेल्या दशकात रूढ झाली असून, अशा पुरत्या न तपासलेल्या आवृत्तीस बीटा म्हणतात. अ‍ॅपलने आयफोनसाठी ही वाट सर्वसामान्यांना २०१५ साली मोकळी केली, गूगलने आपल्या अँड्रॉइड फोनसाठी २०१६ साली. कंपनीला फुकटचे परीक्षक मिळतात आणि परीक्षकाला नवलाई चार दिवस आधी मिळते, असे या व्यवहाराचे वर्णन केले जाते. बिघाड होताच तोच परीक्षक 'स्वतः सॉफ्टवेअर बदलणारा ग्राहक' कसा ठरतो, याचा उल्लेख मात्र नोंदणीच्या वेळी कोणी करत नाही.

भारतात या आवृत्त्यांकडे सामान्य माणूस वळला तो विशेषतः ५जीच्या आगमनकाळात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत या सेवेचे उद्घाटन झाले, एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई व नागपूर होती, आणि जिओने ५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, दिल्ली, मुंबई, वाराणसी व कोलकाता येथे निमंत्रितांपुरती चाचणी सुरू केली. अनेक महागड्या फोनमध्ये ५जीची यंत्रसामग्री आधीपासूनच होती, परंतु भारतीय जाळ्यांवर ती चालू करणारे सॉफ्टवेअर कंपन्यांनी दिलेले नव्हते. आयफोनधारकांना नोव्हेंबरात आयओएस १६.२च्या बीटातून ही सोय मिळाली आणि १३ डिसेंबरला तीच आवृत्ती सर्वांना खुली झाली, म्हणजे उतावीळ आणि सबुरीचा ग्राहक यांच्यात जेमतेम महिन्याभराचे अंतर होते. पैसे मोजून घेतलेले यंत्र अर्धे कुलूपबंद ठेवायचे आणि किल्ली बीटाच्या अटींना बांधायची, या रीतीत उतावळेपणाचा दोष एकट्या ग्राहकावर ढकलता येत नाही.

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य हावड्यातील शिबपूर भागात, काम पुलापलीकडे कोलकात्यात, आणि फोन दुसऱ्याच एका कंपनीचा, जिचे नाव येथे अनावश्यक आहे. बीटा आवृत्ती कंपनीच्याच अधिकृत अ‍ॅपमधून नोंदणी करून, बॅकअप घेऊन आणि बॅटरी पूर्ण भरून टाकण्यात आली होती. कोणत्याही परक्या ठिकाणाहून फाइल उतरवलेली नव्हती. हे ठासून नमूद करावे लागते, कारण पुढे सेवा केंद्रात नेमके याच्या उलट गृहीत धरले गेले.

आवृत्ती बसली आणि पूल ओलांडताच ५जीची खूण उमटली, चित्रफिती क्षणात उतरू लागल्या. त्या वेगाच्या कौतुकात एक गोष्ट झाकली गेली, ती म्हणजे फोन वाजेनासा झाला होता. नागपूरहून आत्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला, "अरे, दोन दिवस झाले, फोन का उचलत नाहीस?" बँकेचे ओटीपी येत नव्हते, आणि हावडा स्थानकाबाहेरच्या चहावाल्याचा क्यूआर कोड वाचूनही पैसे पुढे सरकत नव्हते, कारण पैशांच्या अ‍ॅपने नव्या कार्यप्रणालीला नवे यंत्र समजून पुन्हा नोंदणी मागितली होती आणि त्यासाठी फोनमधून जाणारा एसएमएस जातच नव्हता.

इंटरनेट धावते आणि फोन मुका, हा प्रकार बुचकळ्यात टाकणारा वाटला तरी त्याचे कारण तांत्रिकदृष्ट्या सरळ आहे. जुन्या २जी-३जी जाळ्यांत आवाजासाठी वेगळी वाट असे; ४जीमध्ये आवाजही इंटरनेटच्याच वाटेने जातो आणि त्या पद्धतीला व्होल्टी म्हणतात. तिच्यासाठी फोनला जाळ्याकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि बीटामधील रेडिओचे सॉफ्टवेअर कच्चे असले तर डेटाची नोंदणी होते, आवाजाची होत नाही. ज्या जाळ्याकडे २जी-३जी आहे तेथे फोन मागे सरकून जुन्या वाटेने बोलतो; जिओकडे ती जुनी वाट मुळातच नाही, त्यामुळे व्होल्टी बंद पडली की बोलणे आणि एसएमएस दोन्ही थांबतात, आणि पडद्यावरच्या दांड्या मात्र पूर्ण भरलेल्या दिसतात.

हे ज्ञान अर्थातच नंतरचे. त्या आठवड्यात कंपनीच्या मदतकक्षाने दोष जाळ्याचा असल्याचे ठामपणे सांगून सिम बदलण्याचा सल्ला दिला, आणि त्या सल्ल्याने अडचण दुप्पट झाली. सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्येच आदेश काढला होता, की नवे सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येऊ वा जाऊ देऊ नयेत. नियम योग्यच आहे, पण ज्याचे एसएमएस आधीच बंद आहेत त्याला आणखी एक दिवस आंधळेपणाने काढायला लावणारा सल्ला देणाऱ्यास हा नियम ठाऊक असायला हवा होता.

उलगडा झाला तो कपाटातल्या जुन्या ४जी फोनमुळे. मुदत संपल्यावर तेच नवे सिम त्यात घालताच, बँकेकडून मागितलेला ओटीपी तत्काळ आला आणि लगोलग नागपूरचा कॉलही वाजला. सिम निर्दोष, जाळे निर्दोष. मुका होता तो नवा, अद्ययावत, वेगवान फोन. ही तपासणी दोन मिनिटांची होती, आणि ती सुचवण्याचे काम मदतकक्षाचे होते.

सेवा केंद्रातील संभाषण त्याहून बोधप्रद ठरले. काउंटरवरील तरुणाने पडद्यावरील आवृत्तीचा क्रमांक पाहून यंत्र परत सरकवले आणि म्हटले, "दादा, बीटा तो आपने खुद डाला है ना?" कार्यक्रम कंपनीचाच आहे, हे अ‍ॅप उघडून दाखवल्यावर त्याने अशा कार्यक्रमाची केंद्राला माहितीच नसल्याचे सांगितले. जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीसाठी फोन स्वीकारल्याची लेखी पावती, देण्यासही टाळाटाळ झाली, आणि बराच आग्रह धरल्यावर मिळालेल्या पावतीवर 'ग्राहकाने सॉफ्टवेअर बदलले' एवढाच शेरा होता. कंपनीच्याच सूचनेनुसार अ‍ॅपमधून पाठवलेल्या दोष-अहवालांचा तेथे कोणालाही पत्ता नव्हता.

स्थिर आवृत्तीवर परतताना फोन पूर्ण पुसला गेला. हे बहुतेक अँड्रॉइड बीटांत अटळ असते, आणि आयफोनमध्ये बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर परत चढत नाही. म्हणून बॅकअप बीटा टाकण्याआधीचाच हवा आणि तो संगणकावर वेगळा जपून ठेवावा. क्लाउडवरचा बॅकअप सर्व काही घेतो हा समजही फसवा आहे: प्रस्तुत लेखकाच्या ध्वनिमुद्रणांपैकी एकही त्यात नव्हते. पैशांची अ‍ॅप तर प्रत्येक नव्या नोंदणीनंतर पहिल्या २४ तासांत सहसा ५,००० रुपयांची मर्यादा घालतात, त्यामुळे प्रवासाच्या किंवा हप्ता भरण्याच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नये.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी अशी, की बँकेशी जोडलेले सिम बीटाच्या फोनमध्ये ठेवूच नये. साधा दुसरा फोन घरात असावा. आवृत्ती बसताच वाय-फाय बंद करून स्वतःला एक कॉल आणि एक एसएमएस दुसऱ्या क्रमांकावरून करून पाहावा, आणि तो न आल्यास सिमच्या दुकानाकडे धावण्याआधी सिम दुसऱ्या यंत्रात तपासावे. पहिल्या दिवशीची आवृत्ती तर सोडूनच द्यावी: मे २०२१ मध्ये वनप्लस ९ मालिकेसाठी दिलेल्या अँड्रॉइड १२च्या पहिल्या बीटाने काही फोन पूर्ण बंद पडले आणि कंपनीला ती मागे घ्यावी लागली. अडकल्यावर कोलकात्याच्या चांदनी चौकातील कारागिराकडून जुनी आवृत्ती मारून घेण्याचा मोह होतो, परंतु मागे जाणे रोखणारी सुरक्षा अनेक फोनमध्ये असते आणि २०१८ साली रेडमी नोट ५ प्रोवर असा प्रयत्न करणाऱ्यांचे फोन त्यामुळेच मृत झाले होते. बाकी चार्जिंग, जागा, संयम वगैरे सल्ले कोणीही देतो.

नोंदणीच्या पानाची, आवृत्तीच्या क्रमांकाची आणि पाठवलेल्या प्रत्येक अहवालाची छायाचित्रे दुसऱ्या फोनमध्ये ठेवावीत. बीटा मोफत आणि संमतीने घेतलेला असल्याने भरपाईचा दावा दुबळा असतो. तथापि हमीतील यंत्र स्वीकारण्यास किंवा जॉबशीट देण्यास नकार मिळाल्यास ती सेवेतील त्रुटी म्हणून राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते, आणि तेथे पहिल्या वाक्यात बीटाचा नव्हे, तर नाकारलेल्या पावतीचा उल्लेख करावा.