पडले की पाडले? हस्तक्षेपाच्या धोरणाची भाषा

पडणे–पाडणे, मरणे–मारणे या क्रियापदांच्या जोड्या आपल्या परिचयाच्या आहेत. अकर्मक क्रियापद सकर्मक झाले की वाक्यात नवा कर्ता येतो. कृती कोणी केली, हे सांगावे लागते. परराष्ट्र धोरणाविषयीचा मजकूर वाचताना व्याकरणातील हा साधा भेद फार उपयोगी पडतो.

इराणचे उदाहरण घेऊ. पंतप्रधान मोहम्मद मोसादेघ यांच्या काळात, १९५१ मध्ये, इराणने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि ब्रिटिश तेल कंपनीची मक्तेदारी संपवली. १९ ऑगस्ट १९५३ रोजी मोसादेघ यांची सत्ता गेली. ‘त्यांचे सरकार पडले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ते सरकार पाडले होते. अमेरिकेच्या सीआयएने आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याने, इराणी लष्करातील शाहनिष्ठ अधिकाऱ्यांना हाताशी धरून ते पाडले. ‘सत्तांतर झाले’ हा प्रयोग अधिक सभ्य, म्हणूनच अधिक फसवा. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट यांनी आपल्या देशाचा सहभाग जाहीरपणे मान्य केला तो मार्च २००० मध्ये. अमेरिकी वाक्याला कर्ता मिळण्यास जवळपास ४७ वर्षे लागली. इराणी वाक्यात तो कधीचाच होता.

पुढे शाहांची राजवट बळावली, १९५७ मध्ये ‘सावाक’ ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली, विरोधकांच्या वाट्याला तुरुंग आणि छळ आला. १९७९ मध्ये क्रांती झाली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला तेहरानमधील अमेरिकी दूतावास ताब्यात घेण्यात आला आणि ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. क्रांतीला इतरही कारणे होती. सारा भार १९५३ वर टाकणे अभ्यासकाला शोभणारे नाही. तरीही या परिणामांना सरसकट ‘अनपेक्षित’ म्हणता येईल का? कृत्य उलटू शकते, या अर्थाचा ‘ब्लोबॅक’ हा शब्द सीआयएच्या १९५४ च्या अंतर्गत अहवालातच आढळतो.

‘डाव अंगलट आला’ असे आपण सहज म्हणतो. येथे अंग कोणाचे, ते पाहा. डाव टाकणाऱ्याचे! त्यामुळे धोरणावर टीका करतानाही हिशेब १९७९ पासून, दूतावासातील ओलिसांपासून सुरू होतो. सावाकच्या कोठडीत ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्यासाठी या वाक्प्रचारात जागाच नाही.

स्वाध्याय : लष्करी हस्तक्षेपासंबंधीची एक बातमी निवडा. तिच्यातील कर्ता लपवणारी क्रियापदे अधोरेखित करा आणि माहीत असलेला कर्ता घालून ती वाक्ये पुन्हा लिहा.