स्नानगृहातील जुनी व्हिनाइल फरशी : दुरुस्ती की बदल?

जुन्या शासकीय निवासस्थानांत व घरांत कोठे कोठे स्नानगृहासही व्हिनाइलच्या लाद्या बसविलेल्या आढळतात. कडा उचलल्या, लादीखालून कुबट वास येऊ लागला की गवंडी छिन्नी-हातोडा हाती घेतो. परंतु तत्पूर्वी दोन गोष्टींचा विचार अगत्याचा आहे.

पहिली गोष्ट आरोग्याची. पूर्वीच्या व्हिनाइल लाद्यांत बळकटीसाठी ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळीत असत. भारतीय मानक ३४६१ : १९८० हे अशाच लाद्यांसाठी होते. लादी अखंड असेतोवर हे तंतू तिच्यात बद्ध राहतात. मात्र ती फोडल्यास, खरवडल्यास वा घासल्यास ते हवेत मिसळून फुप्फुसांत शिरतात. त्यांपासून उद्भवणारा कर्करोग अनेक वर्षांनी प्रकट होतो. केवळ पाहून ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच हवी. म्हणून जुनी लादी संशयित मानावी. ती घट्ट व अखंड असल्यास काढण्याची घाई करू नये. काढणे अपरिहार्य असल्यास काम जाणकाराकडे सोपवावे. लादी भिजवून शक्यतो अखंड उचलावी, कोरडा झाडू मारू नये, मुलांना दूर ठेवावे. तोंडावर रुमाल बांधणे हे संरक्षण नव्हे. तुकडे ओलसर असतानाच दुहेरी पिशवीत बंद करून स्थानिक संस्थेच्या सूचनेनुसार त्यांची विल्हेवाट लावावी. ते जाळू नयेत. व्हिनाइल जळताना घातक वायू निघतो.

दुसरी गोष्ट ओलीची. आपल्याकडे बादलीने स्नान करण्याची रीत असल्याने पाणी सांध्यांतून खाली मुरते व चिकटद्रव्य सुटते. कारण दूर न करता नवी लादी चिकटविणे म्हणजे श्रम व पैसा वाया घालविणे होय. उघड्या झालेल्या तळावर प्लॅस्टिकचा तुकडा चोहोबाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. खाली दव जमल्यास तळ ओला आहे असे समजावे. गळती, भिंतीतील नळ व मोरीचा निचरा प्रथम तपासावा.

नित्य ओल्या राहणाऱ्या स्नानगृहात व्हिनाइलऐवजी खरखरीत पृष्ठाची सिरॅमिक लादी किंवा न घोटलेली शहाबादी फरशी अधिक योग्य ठरते. जलरोधक थर भिंतीवरही थोडा चढवावा आणि मोरीकडे दर मीटरला सुमारे १५ मिलिमीटर उतार ठेवावा. काम पावसाळ्यानंतर हाती घेतल्यास तळ वाळण्यास अवधी मिळतो.

थोडक्यात, आधी तपासणी, मग ओलीचा बंदोबस्त व शेवटी फरशी, हा क्रम पाळल्यास घर व घरातील माणसे दोन्ही सुरक्षित राहतील.