गीता ३.१२ : वरोऱ्याचे दोन खड्डे

आज तिसऱ्या अध्यायातला बारावा श्लोक. भगवंत इथे फार कडक बोलतात. देवांनी दिलेलं भोगायचं आणि त्यांना परत काहीच द्यायचं नाही, असं वागणाऱ्याला ते सरळ 'स्तेन' म्हणतात. स्तेन म्हणजे चोर!

आपल्याला वाटतं, मी कुठे कुणाचं काय चोरलं? पाणीपट्टी भरतो, लाइटबिल भरतो. पण बिलाचे पैसे महापालिकेला पोचतात, जमिनीखालच्या पाण्याला नाही.

मला हा श्लोक समजला तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यामुळे. तिथे एक खड्डा इंग्रजांनी खणला, कोळशासाठी. १८७० च्या दशकात सरकारी खाण सुरू झाली, वर्ध्याहून रेल्वे आली, आणि १९०६ मध्ये खाण बंदसुद्धा झाली. कोळसा वीस कोटी वर्षांहून जुना, खाणीचं आयुष्य चाळीस वर्षंही नाही. कोळसा परत भरता येत नाही. तिथे परतफेड एवढीच, की कमी वापरायचा आणि पुढच्यांसाठी उरवायचा.

दुसरा खड्डा विहिरीचा. १९५१ मध्ये बाबा आमटे, साधनाताई आणि काही कुष्ठरोगी माणसं गावाबाहेरच्या खडकाळ, पडीक जमिनीवर राहायला आली. तेच आजचं आनंदवन. आधी काय केलं? विहीर खणली. रोगाने अधू झालेल्या हातांनी! (मला बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचा कंटाळा येतो, असो.) मग शेती, झाडं. पण विहिरीचंही नुसतं उपसत राहिलं की तिची खाण होते. जेवढं उपसतो तेवढं पावसाळ्यात मुरवायला लागतं. आनंदवनात पाणी अडवायला बांध घातले, त्यात टाकाऊ टायरसुद्धा वापरले.

आता चौदावा श्लोक बघा. अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून. मी आधी यज्ञ म्हटलं की फक्त तूप आणि समिधाच बघायचो. आता मला तो बांधही यज्ञच वाटतो. घेतलेलं पाणी जमिनीला परत देणारं कर्म आहे ते.

आमच्या सोसायटीत बोअरवेल आहे, आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी सरळ गटारात जातं. रोज आंघोळीला 'गंगे च यमुने' म्हणतो मी, पण हा पाइप कधी बघितलाच नव्हता. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय काढणार आहे. खर्चाचं नाव काढलं की काका लोक ओरडतील, हे माहीत आहे.

तुमच्या गच्चीचं पाणी कुठे जातं, तेवढं आज खाली उतरून बघा. उद्या तेरावा श्लोक.