धान्यांतील खुळखुळ्याची बी व यकृताचा विकार

गांवांत पोट फुगून माणसें दगावूं लागलीं म्हणजे संशय प्रथम पाण्यावर अथवा दारूवर जातो; रोजच्या भाकरीवर सहसा जात नाहीं. सन १९७५-७६ मध्यें सरगुजा जिल्ह्यांत (तेव्हां मध्य प्रदेश, हल्लीं छत्तीसगड) असेंच घडलें. तेथील आदिवासी लोकांचें खाणें गोंदली, म्हणजे आपल्या सावा-वरीच्या वर्गांतील बारीक धान्य. त्यांत खुळखुळ्याच्या जातीच्या तणाची बी मिसळली होती. नोंद झालेल्या ६७ रोग्यांपैकीं २८ मरण पावले.

खुळखुळा आपल्या शेतकऱ्यांस नवा नाहीं. पिवळीं फुलें, फुगीर शेंग. ती वाळली म्हणजे आंत बिया वाजतात. ह्या बियांतील विषास शास्त्रज्ञ पायरोलिझिडिन अल्कलॉइड म्हणतात. हें द्रव्य मुळांत फारसें अपायकारक नसतें. यकृत त्याचें रूपांतर करूं लागतें तेव्हांच तें मारक बनतें, व पहिला घाव यकृतावरच बसतो. तेथील बारीक रक्तवाहिन्या आंतून सुजून बुजतात. पाट गाळानें बुजला म्हणजे पाणी मागें तुंबून बांधांतून पाझरतें, तशीच गत रक्ताची होते: यकृत वाढतें, दुखतें, आणि पोटांत पाणी सांचतें. विष रोज थोडथोडें गेलें तरी इजा सांचत जाते. आज खाल्लें आणि उद्यां बाधलें असें न होतां पुष्कळदां आठवडे लोटतात, म्हणून खरें कारण कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

भाजल्यानें दोष जाईल ही आशाही व्यर्थ. १९७४ च्या सुमारास वायव्य अफगाणिस्तानांत दोन वर्षांच्या अवर्षणानंतर गव्हांत हेलिओट्रोप नांवाच्या तणाची बी मिसळली. लोक रोटी भाजूनच खात होते. ७,२०० माणसें तपासलीं, त्यांत शेंकडा २२ हून अधिक जणांस यकृताचा विकार आढळला.

उपाय शेतांतच करावयाचा. पीकपाहणीच्या कागदांत तणास रकाना नसतो, तेव्हां ही पाहणी आपली आपणच करावी. शेंगा धरण्यापूर्वीं खुळखुळा उपटावा. बारीक धान्यांत बी एकदां मिसळली म्हणजे चाळणीनें सगळी निघेलच असें नाहीं. चाळून निघालेली बी गुरांस वा कोंबड्यांस घालूं नये, त्यांसही ती बाधते. ताग हा खुळखुळ्याचाच भाऊबंद. हिरवळीच्या खतासाठीं फुलोऱ्यांत गाडला तर चिंता नाहीं, परंतु बियाण्यासाठीं राखलेल्या तागाची मळणी धान्याच्या खळ्यावर करूं नये.

एकाच घरांतील दोघां-तिघांचीं पोटें फुगलीं तर तें धान्य खाणें तत्काळ बंद करावें. ह्या विषावर उतारा नाहीं. रोग्यास दवाखान्यांत नेतांना घरांतील धान्याची पुरचुंडी बरोबर न्यावी.