पहिली बिअर कोणती करावी?

प्रश्न : लग्नानंतर मी इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते. इथे घरी बिअर करण्याचं सगळं सामान दुकानात उघड मिळतं. शेजारचे आजोबा नेहमी बादलीभर बिअर करतात आणि आम्हाला चाखायलाही देतात. आता आम्हा दोघांनाही करून बघायची आहे. पण लागर, स्टाउट, आयपीए, बिटर ही नावं वाचूनच गोंधळ उडतो. पहिली कोणती करावी? आईला कळल्यापासून तिने एकच धोशा लावलाय, की घरच्या दारूने माणसं मरतात. तसं काही होत नाही ना? आणि जमलीच, तर पुण्यातल्या माझ्या भावाला कृती पाठवू का?
— एक वाचक, लीड्स

उत्तर : बिटर करा. तुम्ही यॉर्कशरमध्ये आहात, तेव्हा दुसरं नाव मी घेणारच नाही.

आपल्याकडे बिअर म्हणून समोर येणारी पिवळी, थंडगार बाटली बहुतेक वेळा लागरची असते. त्यामुळे नवख्याचा हात आधी लागरकडे जातो. पण लागरचं यीस्ट ९ ते १३ अंश सेल्सिअसला काम करतं, आणि पुढे ती बिअर कित्येक आठवडे शून्याच्या आसपास मुरवावी लागते. त्यासाठी एक अख्खा फ्रिज अडकून पडतो. आयपीएत हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, भरपूर लागतात. हॉप्स महाग, आणि बाटलीत भरताना थोडी जास्त हवा लागली तरी त्यांचा वास उतरतो. (एकोणिसाव्या शतकात अशीच फिकट, जास्त हॉप्सची बिअर इंग्लंडहून जहाजांनी मुंबईला आणि कलकत्त्याला येत असे. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, या नावातला ‘इंडिया’ तिथला.) स्टाउट सोपी आहे हे खरं. तिच्यातल्या करपट भाजलेल्या धान्याची चव बारीकसारीक चुका झाकून टाकते. पण पहिल्या खेपेला चुका झाकल्या गेल्या, तर दुसऱ्या खेपेला काय सुधारायचं हे कळत नाही, म्हणून मी स्टाउट दुसऱ्या नंबरावर ठेवते.

बिटर ही एल जातीची बिअर. तिच्या यीस्टला १८ ते २० अंश तापमान लागतं, म्हणजे तुमच्या घरातल्या एखाद्या थंड खोलीचंच. जोर चार टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ती लवकर तयार होते. शिवाय ताडून बघायला नमुना हाताशी आहे. लीड्सपासून जवळच कीथलीला टिमथी टेलरची ब्रुअरी आहे. तिथली लँडलॉर्ड ही पेल एल बिटरच्या घराण्यातलीच. सामान आणण्याआधी पबमध्ये जाऊन पिंपातून काढलेली लँडलॉर्ड सावकाश प्या. माल्टचा बिस्किटासारखा गोडवा आधी येतो, मग मागून कडूपणा चढतो. ही चव जिभेवर बसली, की आपल्या बादलीतलं काय जमलं आणि काय नाही हे विचारायला कोणाकडे जावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. बिअर आपण करत नाही, यीस्ट करतं. बव्हेरियातल्या १५१६ सालच्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं आहेत. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण हा जीव आहे आणि सगळं तोच करतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर आणि तिच्या आंबण्यावर ग्रंथ लिहिला. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियन हान्सनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवलं. तुम्ही दुकानातून कोरड्या यीस्टचं ११ ग्रॅमचं पाकीट आणाल, त्याच्यामागे या दोघांची मेहनत आहे. आपलं काम गोड काढा तयार करायचा, तो स्वच्छ ठेवायचा आणि यीस्टला मानवेल तेवढी ऊब द्यायची. दह्याला विरजण लावताना दूध किती कोमट हवं हे हाताला कळलेलं असतं, तोच हात इथे उपयोगी पडतो.

दहा लिटरची खेप करा. दुकानात मिळणाऱ्या तयार किटच्या डब्यावर ‘एक किलो साखर घाला’ असं लिहिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. एवढ्या साखरेने बिअरला जोर येतो, पण ती पाणचट आणि कोरडी होते. त्याऐवजी माल्टचं कोरडं सत्त्व १.२ किलो घ्या. बार्लीला मोड आणून, वाळवून, तिच्यातली साखर गरम पाण्यात उतरवून केलेली ही पूड असते. सोबत भरडलेलं क्रिस्टल माल्ट १५० ग्रॅम आणि ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ३० ग्रॅम. पातेलं पंधरा-सोळा लिटरचं हवं. लीड्सच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असणारच, आणि त्याने बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. कॅम्पडेनच्या गोळीचा चतुर्थांश तुकडा कुस्करून पाण्यात टाकला की तो प्रश्न मिटतो.

क्रिस्टल माल्ट कापडी पिशवीत बांधून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. पाण्याला तांबूस रंग चढला की पिशवी काढा, आच बंद करून माल्टची पूड ढवळत विरघळवा आणि मग उकळी आणा. या वेळी पातेल्यापासून हलू नका, पहिली उकळी दुधापेक्षा वेगाने उतू जाते. फेस बसला की २० ग्रॅम हॉप्स टाका आणि तासभर झाकण न ठेवता खळखळू द्या. हॉप्समधली आम्लं एवढा वेळ उकळल्यावरच आपलं रूप बदलून कडूपणा देतात. उरलेले १० ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांत टाका, ते वासासाठी.

आच बंद केल्यावर खरी काळजी सुरू होते. आतापर्यंत उकळीने सगळे जंतू मारले. इथून पुढे काढ्याला जे जे लागेल, मग ती बादली असो, झाकण, चमचा, नळी किंवा थर्मामीटर, ते आधी धुऊन मग निर्जंतुक केलेलं हवं. स्टार सॅनसारखं द्रावण लिटरला दीड मिली घातलं की पुरतं, आणि ते नंतर विसळावं लागत नाही. पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून काढा २० अंशांपर्यंत उतरवा, बादलीत जरा उंचावरून ओता म्हणजे यीस्टला लागणारी हवा मिसळेल, पातळी दहा लिटरला आणा. काढ्याची घनता दाखवणारा हायड्रोमीटर बुडवून आकडा लिहून ठेवा, तो १.०४५ च्या आसपास यावा. मग यीस्ट भुरभुरवा आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी नळी) बसवलेलं झाकण लावा.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे येऊ लागतील. आंबताना बादली स्वतःच तापते, खोलीपेक्षा दोन-तीन अंश तरी जास्त. पारा २४ च्या वर गेला तर बिअरला केळ्याचा वास येतो आणि जीभ भाजल्यासारखी उग्र चव लागते. तेव्हा पहिले चार दिवस सर्वांत थंड कोपरा शोधा, गरज पडल्यास बादलीभोवती ओला टॉवेल गुंडाळा. नंतर दोन आठवडे झाकण उघडायचं नाही. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजू नका. हायड्रोमीटरचा आकडा १.०११ च्या जवळ येऊन लागोपाठ तीन दिवस हलला नाही, तरच झालं. दोन आकड्यांमधल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, तुमची साडेचारच्या जवळपास येईल.

तुमच्या आईच्या भीतीला जागा असेल तर ती इथे, बाटल्या भरताना आहे. प्रत्येक लिटरला पाच ग्रॅम साखर पाण्यात उकळून, गार करून मिसळायची, म्हणजे बाटलीत यीस्ट पुन्हा थोडं आंबवतं आणि बिअरला फेस येतो. आंबणं अपुरं असताना बाटल्या भरल्या किंवा साखर अंदाजाने टाकली, तर दाब वाढून काच फुटते. त्याने डोळ्यांना इजा झालेली माणसं आहेत. साखर वजनकाट्यावरच मोजा. जाड काचेच्या, बिअरच्याच, तपकिरी बाटल्या वापरा. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत गेला की हॉप्सना घाणेरडा वास सुटतो. दोन आठवडे खोलीत ठेवून, मग गार करून उघडा.

विषबाधेचं म्हणाल, तर आईच्या मनात काय असेल ते मी समजू शकते. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं, आणि ते कारखान्यात वापरायचं रसायन मिसळल्यामुळे आलं होतं. बार्लीच्या काढ्यातून मिथेनॉल नावापुरतंच तयार होतं, आणि बिअर आपण भट्टीवर चढवून गाळत नाही, त्यामुळे ते साठत नाही. अल्कोहोल, आंबटपणा आणि हॉप्स या तिघांपुढे रोगजंतू टिकत नाहीत. बिअर बिघडली तर आंबट लागेल, वास मारेल, तुम्ही ती ओतून द्याल. पण गाळण्याचं भांडं घरात कधीही आणू नका. परवान्याशिवाय दारू गाळणं हा इंग्लंडमध्ये गुन्हा आहे. घरी बिअर करायलाही पूर्वी तिथे परवाना लागे. तो १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला, आणि म्हणून तुमच्या शेजारच्या आजोबांची बादली कायदेशीर आहे. प्यायची, पाजायची, विकायची मात्र नाही.

भावाला कृती पाठवू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरतं दहा लिटर का असेना. त्याला हौस असेल, तर पुण्यात परवाना घेऊन बिअर करणाऱ्या छोट्या ब्रुअरी आहेत. तिथे गर्दी नसलेल्या दुपारी जाऊन त्याने बिअर करणाऱ्याशी बोलावं, टाक्या बघाव्यात. आणि तो लीड्सला येणार असेल, तर निदान पाच आठवडे आधी कळवायला सांगा, तेवढ्या वेळात एक खेप बाटलीत मुरून तयार होते.