वाढणारे हात

यवतमाळ जिल्ह्यात अरुणावती नदीच्या काठी आर्णी हे गाव आहे. बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे ते दूरवर ठाऊक आहे. ह्या गावात आम्ही चौघे मित्र लहानाचे मोठे झालो. शालान्त परीक्षा संपली तेव्हा आम्ही एक बेत ठरविला. नागपूरपर्यंत जावयाचे, आणि ज्या गावचा जो पदार्थ नावाजलेला असेल, तो तेथेच बसून खावयाचा. नागपुरास माझे मामा राहत असल्यामुळे घरच्यांची परवानगीही लगेच मिळाली.

आमच्यांतील एका मित्राच्या वडिलांचे बसस्थानकाजवळ चहाचे लहानसे हॉटेल होते. शाळेत येण्यापूर्वी तो तेथे कपबशा विसळीत असे. गिऱ्हाइके त्याच्या वडिलांना "ए चहावाल्या!" अशी हाक मारीत. तो ह्याविषयी कधी बोलत नसे, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. निघण्याच्या दिवशी पहाटे त्यांनीच आम्हांला गरम चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. आमचा मित्र मात्र, "चला, गाडी सुटेल," असे म्हणत आम्हांला घाईने बाहेर काढीत होता.

यवतमाळ व कळंब मागे टाकून आम्ही वर्ध्यास पोहोचलो. तेथे गोरसपाक खाल्ला. गव्हाची कणीक, गाईचे तूप आणि साखर यांचा हा पदार्थ बिस्किटासारखा खुसखुशीत असतो, आणि तोंडात घालताच विरघळतो. घरी न्यावयास म्हणून घेतलेला पुडाही आम्ही नागपूर येण्यापूर्वीच संपविला!

त्या रात्री मामांच्या शेजारचे एक गृहस्थ आमची चौकशी करू लागले. "तुझे वडील काय करतात?" असे त्यांनी आमच्या मित्रास विचारले. क्षणभर थांबून तो म्हणाला, "शेती." आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले, परंतु कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी आम्हांस तर्री-पोहे खाऊ घातले. वाफाळलेल्या पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात. रश्श्यावर तरंगणारा तेलाचा लाल तवंग म्हणजे तर्री. दुपारी सावजी भोजनालयात गेलो. सावजी मसाला हा मूळचा नागपुरातील हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतला. मागावर बसणाऱ्या माणसांच्या चुलीवरची ही चव पुढे साऱ्या शहराची झाली. पहिल्या घासालाच आमच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी ताटे मात्र स्वच्छ झाली.

संध्याकाळी मामा आम्हांला इंडियन कॉफी हाउसमध्ये घेऊन गेले. पांढरा पोशाख आणि डोक्यास तुऱ्याची पगडी अशा वेषात तेथील माणसे वाढीत होती. शहरी थाट दाखवावा म्हणून मी टाळी वाजवून ओरडलो, "ए, इकडे ये! पाणी आण!"

आमच्या मित्राने मान खाली घातली. वाढणारे गृहस्थ शांतपणे आले, पाणी ठेवून व काय हवे ते विचारून गेले. थोड्या वेळाने डोसे आले. "आणखी सांबार आणू का?" असे त्यांनी विचारले. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीस सांबार म्हणतात, म्हणून आमच्यांतील एकजण म्हणाला, "आणा, पण बारीक चिरून!" ते गृहस्थही आमच्याबरोबर मनमोकळे हसले.

ते गेल्यावर मामा मला म्हणाले, "ज्यांना तू टाळी वाजवून बोलाविलेस, ते कोण आहेत हे तुला ठाऊक आहे का? तू ज्यांना नोकर समजलास, त्यांचीच ही संस्था आहे."

मग त्यांनी आम्हांला सारी हकीकत सांगितली. भारतात पिकणारी कॉफी भारतातच अधिक खपावी, ह्या हेतूने १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले कॉफी हाउस निघाले. पुढे देशभर अशी कॉफीगृहे झाली. परंतु १९५० नंतरच्या दशकात कॉफी मंडळाने ती बंद करण्याचे ठरविले, आणि कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. तेव्हा लोकसभेचे सभासद ए. के. गोपालन यांनी त्यांना धीर दिला. तुम्हीच एकत्र येऊन ही कॉफीगृहे चालवा, असा मार्ग दाखविला. १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूर येथे कामगारांची पहिली सहकारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला दिल्लीत कामगारांचे पहिले कॉफीगृह उघडले. १९५८ साल संपेपर्यंत नागपूर, पुणे, मुंबई, कलकत्ता, लखनौ अशा अनेक शहरांत ती सुरू झाली. काल ज्यांना घरी बसण्याची पाळी आली होती, त्यांनीच आपला संसार आणि आपली संस्था सावरली.

आमचा मित्र लक्ष देऊन ऐकत होता. त्याने विचारले, "मामा, म्हणजे जे बशा उचलतात, तेच सभासद?"

"होय," मामा म्हणाले, "आणि सभासद झाल्यावरही बशा उचलावयास त्यांना कमीपणा वाटला नाही."

ते गृहस्थ कॉफी घेऊन आले तेव्हा मी उभा राहिलो. "मघाशी मी तुम्हांला एकेरी बोललो. माझे चुकले," असे कसेबसे म्हणालो. त्यांनी पेला माझ्यापुढे ठेवला आणि म्हटले, "बसा, कॉफी निवेल."

परतीच्या प्रवासात आमचा मित्र बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "त्या रात्री मी खोटे बोललो." मी म्हणालो, "आम्ही ते ऐकूनही गप्प बसलो."

आर्णीस उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हॉटेलात गर्दी होती. आमचा मित्र सरळ आत गेला, त्याने बाह्या सरसावल्या आणि वडिलांच्या हातातील किटली घेतली. "बसा रे," तो सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे आमचे हॉटेल आहे!"

त्याचे वडील क्षणभर त्याच्याकडे पाहतच राहिले. मी म्हणालो, "काका, तुम्ही पहाटे चूल किती वाजता पेटविता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी प्रथमच विचारीत होतो.

"चार वाजता, बाळ," ते म्हणाले, आणि त्यांनी आमच्यापुढे चहा ठेवला.

अभ्यास

१. आर्णीहून निघताना मित्र घाई का करीत होता?
२. "आम्ही ते ऐकूनही गप्प बसलो," असे लेखकास का म्हणावेसे वाटले?
३. कॉफीगृहांतील कामगारांवर कोणते संकट आले? त्यांनी त्यातून कसा मार्ग काढला?
४. तुमच्या गावातील एखाद्या खाणावळीस किंवा चहाच्या हॉटेलास भेट द्या. तेथे काम करणाऱ्यांचा दिवस कसा जातो ते विचारून दहा ओळी लिहा.